दोन उंबरांची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. माझ्यावर शाईने फारसं काही लिहिलेलं नाही. माझ्या जाड पांढऱ्या कागदांवर झाडांची वाळवलेली पानं चिकटवलेली आहेत, शेजारी त्या झाडाचं फळ किंवा बी, आणि खाली दोन ओळींची माहिती. कॉलेजात मला हर्बेरियम म्हणायचे. घरी नुसतं ‘हर्षाची वही’. माझ्यात चाळीस झाडं आहेत. त्यांतल्या अडतीस झाडांबद्दल मी खरं सांगते. उरलेल्या दोन झाडांबद्दल मी दहा वर्षं खोटं सांगत आले. मी ते मुद्दाम करत नव्हते, पण मला ते माहीत होतं. आणि जे आपल्या एकटीलाच माहीत असतं ते कोणाला सांगता येत नसलं, की माणसांनी भरलेल्या घरातही फार एकटं वाटतं.

माझा जन्म कुरखेड्याच्या पुढे, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथल्या एका गावात झाला. हर्षा तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या बाबांनी पुठ्ठा आणला, तिने कागद कापले, कडेला भोकं पाडून बुटाची नाडी ओवली. आत पानं मात्र तिच्या एकटीच्या हिमतीवर आली नसती. तिला रानात फिरवलं ते बायनाबाईने. बायनाबाई तेव्हा साठीची होती. तेंदू, मोहफुलं, चारोळी गोळा करून तिचं घर चालायचं. शाळेत ती एक दिवसही गेली नव्हती, पण डोळे मिटून नुसत्या बोटांनी झाड ओळखायची.

एका रविवारी दोघी गावामागच्या नाल्यावर गेल्या. मीही हर्षाच्या काखेत होते, अजून कोरीच. नाल्याच्या अलीकडे एक मोठं झाड होतं. पलीकडे त्याच्याचसारखं दिसणारं, पण बुटकं.

“हा उंबर,” बायनाबाई म्हणाली. “अन् थो पल्याडचा कारा उंबर.” आमच्याकडे बोलताना ‘ळ’चा ‘र’ होतो, कारा म्हणजे काळा.

“दोन्ही तर सारखेच दिसून राह्यले.”

“सारखे दिसतेत म्हनूनच तं सांगून राह्यली. याचं फर मानूस खाते, पाखरू खाते, माकड खाते. त्याचं खाल्लं का पोटातलं सारं बाहेर.”

हर्षाने दोन्ही झाडांचं एकेक पान तोडलं आणि दोन-दोन फळं घेतली. बायनाबाईने तिचा हात धरला.

“अशी एकटी पाती नोको तोडू. डहाळी घे. पानं डहाळीवर कशी बसलीत थे दिसलं पायजे.”

“डहाळी माझ्या कागदावर मावत नाही, बायनाबाई.”

“तं कागद मोठा आन.”

हर्षा हसली आणि पुढे चालू लागली. कागद तर मीच होते. आपण लहान आहोत याचं वाईट मला पहिल्यांदा त्या दिवशी वाटलं.

पानं वाळवायची रीत तुम्हाला सांगते. पान आणि फळाची चकती वर्तमानपत्रात ठेवून पुडी करायची, वर झाडाच्या नावाची चिठ्ठी डकवायची आणि सगळ्या पुड्या धानाच्या पोत्याखाली दाबून ठेवायच्या. रोज वर्तमानपत्र बदलायचं, नाहीतर बुरशी येते. हर्षाने दोन आठवडे न चुकता बदललं. वही जमा करायच्या आदल्या दुपारी सगळ्या पुड्या तिने अंगणातल्या खाटेवर मांडल्या आणि ती पाणी प्यायला आत गेली. चिठ्ठ्या तिने कणकेच्या खळीने डकवल्या होत्या. शेजारची शेळी सुटलेली होती. मित्रांनो, शेळीला खळ फार आवडते. हर्षा ओरडत बाहेर येईपर्यंत शेळीने दोन चिठ्ठ्या चाटून, ओढून, चावून संपवल्या होत्या.

चाळीसपैकी अडतीस नावं शिल्लक होती. राहिले होते फक्त दोन उंबर.

हर्षाने दोन्ही पुड्या उघडल्या. पानं आता दोन्ही तपकिरी झाली होती. फळांच्या चकत्याही तपकिरी, सुपारीच्या खांडांसारख्या. ताजेपणी एकाचं फळ लाल होतं, दुसऱ्याचं हिरवट पिवळं. पण वाळल्यावर रंग गेला तो गेलाच. डहाळी असती तर प्रश्नच नव्हता. हर्षाने थोडा विचार केला. एक पान मोठं होतं, दुसरं लहान. उंबराचं झाड मोठं आणि काळा उंबर बुटका, म्हणजे मोठं पान उंबराचंच असणार, असं तिने ठरवलं. तिच्या बोटांना खळ लागलेली होती, एसटी दुसऱ्या दिवशी सकाळी सातची होती, अजून निम्मी पानं चिकटवायची होती.

तिने मोठं पान माझ्या सतराव्या कागदावर चिकटवलं आणि खाली सुंदर अक्षरात लिहिलं, ‘उंबर. पिकलेले फळ खातात.’ लहान पान अठराव्यावर गेलं. ‘काळा उंबर. फळ खाऊ नये, उलट्या होतात.’

मला त्याच क्षणी कळलं. त्या मोठ्या पानाची खरखर माझ्या कागदाला टोचत होती. दोन्ही बाजूंनी बारीक, राठ केस. बायनाबाईने नाल्यावर त्या पानाने आपली नखं घासून दाखवली होती, रेगमालाच्या खरबरीत कागदाने घासावीत तशी. उंबराचं पान असं टोचत नाही. मी ओरडून सांगितलं असतं, पण वहीला तोंड नसतं, जे लिहिलं जातं तेवढंच ती बोलते.

नंतर हर्षाने प्रत्येक कागदावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलं. मी चकचकीत दिसू लागले, आणि माझ्या आतली खरखर आतच राहिली.

कॉलेजात बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मला हातात घेतलं. टेबलावर तीस वह्या होत्या. त्यांनी माझे कागद भराभर उलटले, प्लास्टिकवर ट्यूबलाइट चमकत होती. “किती नीटनेटकं काम आहे,” त्या म्हणाल्या. हर्षा पहिली आली. मला हातात धरून काढलेला तिचा फोटो फळ्यावर लागला. सगळे माझं कौतुक करत होते, आणि मला मात्र सतराव्या कागदावर सतत टोचत होतं. चुकीच्या गोष्टीसाठी झालेलं कौतुक कोणाबरोबर वाटून घेता येत नाही.

हर्षाचं लग्न झालं आणि मी तिच्याबरोबर बल्लारपूरला गेले. तिचे यजमान प्रणित कोळशाच्या खाणीत नोकरीला होते. दोन खोल्यांचं घर. पहिले काही दिवस आल्यागेल्याला मला दाखवलं गेलं. मग मला कपाटावर ठेवलं, माझ्यावर कूलरचं रिकामं खोकं आलं, आणि सहा वर्षं मी तिथेच होते. दिवसभर रेल्वेचे आवाज ऐकायचे. उन्हाळ्यात छताचा पत्रा तापला की प्लास्टिक आक्रसायचं. पावसाळ्यात एक झुरळ माझ्या कडेला राहायला आलं होतं, तेही नंतर गेलं.

खाली संबोधीचा जन्म झाला तो मी वरूनच ऐकला. ती रांगायला लागली, चालायला लागली. हर्षा आई झाल्यापासून बदलली होती. मूल बाहेरून आलं की आधी त्याच्या दोन्ही मुठी उघडून बघायची, मग तोंडाचा वास घ्यायची. “काय खाल्लं? खरं सांग. कोणी दिलं?” प्रणित म्हणायचे, “अगं, पोरगी हाय, पोलीस चौकीत आणलेला चोर नाई.” हर्षा हसायची, पण मुठी बघायची सोडायची नाही. मला ते वरून ऐकून बरंही वाटायचं आणि भीतीही. वाटायचं, ही इतकी जपते, आणि हिच्याच हातची एक चूक माझ्या आत पडून आहे. त्या वसाहतीत उंबर नव्हता, काळा उंबरही नव्हता. म्हणून माझी चूक निजलेली होती.

यंदा मे महिन्यात ती जागी झाली.

हर्षा संबोधीला घेऊन माहेरी निघाली होती. गावात दीपिका अंगणवाडी सेविका आहे, हर्षाची बालमैत्रीण. तिचा फोन आला.

“हर्षा, येतानी तुझी थे पानाची वही आनजो. गावातल्या पोरायले रानमेवा दाखवाचा हाय. पोरं नुसते कुरकुऱ्याचे पुडे खाऊन राह्यले.”

“मले काय येते आता? विसरली मी सगळं.”

“तू विसरली, वही थोडीच विसरली.”

कूलरचं खोकं बाजूला झालं आणि सहा वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. हर्षाने मला ओढणीने पुसलं. कोणीतरी आठवण काढली याचा आनंद मला झाला नाही असं म्हटलं तर तेही खोटं होईल. पण त्या आनंदाच्या मागोमाग सतरावा कागद आठवला.

गावी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षाने माझ्यातल्या पाच झाडांचे मोबाइलवर फोटो काढले. चारोळी, तेंदू, मोह, बेल आणि उंबर. तिने ते शेजारी बसलेल्या दीपिकाला पाठवले, आणि दीपिकाने आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. दीपिका टाइप करताना मोठ्याने म्हणत होती, “उद्या सकाळी पोरं नाल्याकडे येणार. फोटोतल्या पानाशी पान जुळवून पाहा. जुळलं तर फळ खाऊ द्या. माहिती, हर्षाताई, बी.एस्सी.” मग ती हर्षाकडे बघून म्हणाली, “पाह्य, तेवीस जणींनं पाह्यलं बी.”

तेवीस घरं. मित्रांनो, माझी चूक आता माझ्या आत राहिली नव्हती.

चारच्या सुमारास बायनाबाई भेटायला आली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, काठीने अंगण चाचपत ती ओसरीवर बसली. हर्षाने मोठ्या कौतुकाने मला तिच्या मांडीवर ठेवलं. “बायनाबाई, तुम्ही दाखवलेली झाडं. सगळी आहेत बघा.”

बायनाबाईने माझ्यावरून हात फिरवला. तिची बोटं वाळलेल्या शेंगेसारखी झाली होती. ती एका कागदावरून दुसऱ्या कागदावर गेली, पुन्हा मागे आली.

“पानं कुठी हायेत?”

“तुमच्या हाताखालीच तर आहेत.”

“हे पान नाई, बाई. हे तं काच हाय. साऱ्या झाडायचं पान सारखंच लागून राह्यलं मले.”

हर्षाने ब्लेड आणलं. बायनाबाईचा हात ज्या कागदावर होता, तोच होता सतरावा. प्लास्टिक निघालं, दहा वर्षांनी मला तिथे वारा लागला, आणि बायनाबाईने एक बोट पानावर टेकवून हळूच ओढलं.

“हा कारा उंबर.”

“नाही, बायनाबाई. हा उंबर आहे. काळा उंबर पुढच्या कागदावर.”

“पुढचं काढ.”

पुढचंही प्लास्टिक निघालं. बायनाबाईने त्या लहान पानावरून बोट फिरवलं. “हा उंबर. कसा गुरगुरीत हाय पाह्य. तू नाव उलटं लिवलं पोरी.”

“असं कसं होईल? यालाच तर मार्क मिळाले मले. पहिली आली मी.”

“मार्क तुले भेटले, झाडाले नाई.”

हर्षाने संबोधीचा हात धरला, मला काखेत घेतलं आणि ती जवळजवळ पळतच नाल्यावर गेली. दोन्ही झाडं तिथेच होती. तिने पलीकडच्या बुटक्या झाडाची डहाळी वाकवली. पानं जोडीजोडीने बसली होती, एकासमोर एक, जशी दोन माणसं समोरासमोर बसावीत. पान हातात घेतलं तर तेच मोठं, तेच राठ. फळं खोडाच्या बुडातून निघालेल्या दोरीसारख्या बिनपानांच्या फांद्यांवर लोंबत होती, काही तर मातीला टेकली होती. हिरवट पिवळी, वर बारीक लव. मग ती अलीकडच्या उंबराजवळ आली. इथे डहाळीवर पानं एकेकटी होती, एक या बाजूला, मग थोडं पुढे एक त्या बाजूला, गुळगुळीत. फळांचे झुबके खोडाला आणि जाड फांद्यांना चिकटलेले, पिकून लाल झालेले.

हर्षाने मला उघडून सतरावा कागद उंबराच्या डहाळीशेजारी धरला. पान जुळलं नाही. आता वाचायला काही उरलं नव्हतं.

तिने फोन काढला. दीपिकाला सांगून तो फोटो गुपचूप काढून टाकता आला असता. कोणाला कारण कळलं नसतं. तिचा अंगठा तिथे घुटमळला. मग तिने संबोधीकडे बघितलं, आणि ग्रुपवर लिहिलं, ‘उंबराचा फोटो चुकीचा आहे. चूक माझी आहे. ते पान काळ्या उंबराचं आहे, त्याचं फळ मुलांना देऊ नका. सगळ्यांना कळवा.’

दीपिकाचा लगेच फोन आला. “आता मी बायायले काय सांगू? आत्ताच एकीनं लिवलं, शिकलेल्यायचं असंच राह्यते म्हनून.”

“तिचं बरोबर आहे म्हण. कोणी कोणी अजून वाचलं नाही ते सांग आधी.”

“बाकी सगळ्यायनं वाचलं. अंजुमभाभीचा फोन बंद लागून राह्यला.”

अंजुम म्हणजे चौकातल्या नवाब टेलरची बायको. तीन वर्षांपूर्वी ते गावात राहायला आले. नाल्यावरची झाडं त्यांच्या ओळखीची नव्हती, आणि गावातही त्यांची फारशी ओळख झाली नव्हती. हर्षा तशीच चौकाकडे निघाली. काखेत मी, हाताला संबोधी.

अंजुमच्या दारात ऊन उतरत होतं. खाली चटईवर स्टीलची थाळी, थाळीत धुतलेली आठ-दहा फळं, हिरवट पिवळी. त्यांच्याबरोबर एक मोठं पान. समोर सहा वर्षांची मदीहा बसली होती. तिच्या हातात फळ होतं, अर्धं खाल्लेलं.

हर्षाने ते फळ तिच्या हातातून काढून घेतलं. मदीहा दचकून आईकडे सरकली.

“काय झालं, ताई?” अंजुम म्हणाली. “तुमचा फोटो आला ना, त्याच्याशी मिलवून मदीहाच्या अब्बूंनी तोडून आणले. पान बी सोबत आणलं, बघा. बराबर तेच आहे. मग फोनची बॅटरी गेली.”

“किती खाल्ली हिने?”

“एक पूरी, अन् ही अर्धी. गोड नाही म्हणे. मीच म्हटलं, खा बेटा, ताईंनी सांगितलं तर चांगलंच असेल.”

हर्षाने सांगितलं. सगळं सांगितलं, शेळी, चिठ्ठ्या, मोठ्या झाडाचं मोठं पान. अंजुम ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “तुमचं नाव होतं, ताई, म्हणून दिलं.”

मला आजवर कोणी फाडलं नाही की जाळलं नाही. पण त्या वाक्याने जेवढं लागलं तेवढं त्यानेही लागलं नसतं.

मदीहाला दिवेलागणीच्या आधी दोनदा उलटी झाली. हर्षाने गावातल्या नर्सबाईंना बोलावलं. त्यांनी पाण्यात साखर-मीठ घालून घोट घोट पाजायला सांगितलं. अंजुमने मुलीचं डोकं धरलं होतं, हर्षा वाटी धरून बसली होती, संबोधी एका कोपऱ्यात अंग चोरून. मी दाराजवळ जमिनीवर होते. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि मलाही कोणाकडे बघवत नव्हतं. शेवटी मदीहाने पोळी मागितली. अंजुमने पदराने डोळे पुसले आणि हर्षाला म्हणाली, “बसा, चाय ठेवते.” हर्षा चहा होईपर्यंत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं नाल्यावर गेली. पुढे बायनाबाई, काठी टेकत. मला कोणी नेलं नाही. मी ओसरीवर पडून दूरवरून येणारे त्यांचे आवाज ऐकत होते. बायनाबाई मुलांना डोळे मिटायला सांगत होती आणि हातात डहाळी देत होती. “पानं समोरासमोर का एकएकटी? राठ का गुरगुरीत? सांग आता.” मुलं गलका करत होती. तो सगळा धडा माझ्याशिवाय चालला होता, आणि तोच बरोबर होता.

परत आल्यावर हर्षाने लाल पेनाने दोन्ही नावं खोडली आणि खरी लिहिली. जुनी नावं तिने वाचता येतील अशीच ठेवली. मग एकेक करून चाळीसही कागदांवरचं प्लास्टिक काढलं आणि बल्लारपूरला जाताना मला अंगणवाडीत देऊन गेली. तिथे दाराशी बादलीत पाणी घालून दोन्ही उंबरांच्या डहाळ्या ठेवलेल्या असतात. दीपिका त्या दर सोमवारी बदलते.

आता माझ्यावरून रोज बोटं फिरतात. सतराव्या कागदावरच्या पानाचा शेंडा तुटला आहे, चारोळीच्या पानाला भेग गेली आहे. दोन-तीन वर्षांत माझ्यात पानांचा भुगाच उरेल. त्याचं मला फार दुःख नाही.

मदीहाही अंगणवाडीत येते, धाकट्या भावाला सोडायला. बाकीची मुलं आली की आधी मला उघडतात. ती मला हात लावत नाही. ती दारातल्या बादलीपाशी बसते, डहाळीवरची पानं मोजते, एक पान गालावर घासून बघते, आणि मग लांबूनच माझ्याकडे बघते, मी आज काय म्हणते आहे ते. मित्रांनो, तुम्हीही माझ्याशी आणि माझ्यासारख्या वह्यांशी तसंच वागा. आधी झाडापाशी जा. मला त्याचा राग येणार नाही.